पुड्यावरचं नाव

"सगळे परत दिले, मॅडम," असं म्हणत रेणुकाने दोन्ही पिशव्या माझ्या टेबलावर आदळल्या. "पेठंत एक पुडा बी खपला न्हाई."

स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. बाकीची मंडळी चहाला गेली होती. एका पिशवीचं तोंड उघडलं आणि येसराच्या पिठाचे पाच-सहा पुडे टेबलावर घसरले. प्रत्येक पुड्यावर पंचफुलाबाई हसत होत्या. डोक्यावर पदर, हातात उलथणं, समोर कढई. वर ठळक अक्षरांत 'पंचफुलाबाईंचं येसर', आणि खाली बारीक अक्षरांत पत्ता, सिद्धार्थनगर, नायगाव.

"परत म्हणजे? गेल्या आठवड्यात त्यांनीच घेऊ म्हणून सांगितलं होतं ना?"

"हाव की! फारमावर सह्या हायत्या त्यांच्या. किराणावाल्या काकू म्हणल्या, आत्ताच घरी केलंय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, यांना पित्त व्हतंय. मागल्या गल्लीतल्या म्हणल्या, घरात देवाचं चालू हाय, पुढच्या महिन्यात बघू. समद्या पुडा हातात घ्यायच्या, फोटू बघायच्या, खालचं वाचायच्या, आन् मग म्हणायच्या." रेणुकाने ओढणीने कपाळ पुसलं. "चव बिघडली असंल का वो, मॅडम?"

रेणुका पेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी. तिला खरंच कळलं नव्हतं. कळायचं वय होतं, पण तशी गरज तिला कधी पडली नव्हती, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. तिच्या मागे दारात बुद्धप्रिया उभी होती, पंचफुलाबाईंची मुलगी. ती पुढे आली, टेबलावर पालथे पडलेले पुडे एकेक करून सरळ केले, आईचा चेहरा वर येईल असे, आणि पिशवीत नीट रचून ठेवले.

हे येसर विकायला निघालेल्या तिघींच्या गटातली तिसरी आलिया. "हमारी गल्ली में तो चौदा गये, मॅडम," ती हळूच म्हणाली. "लोगां और माँग रहे." मग तिचं लक्ष बुद्धप्रियाकडे गेलं आणि ती गप्प झाली. आलियाला कळलं होतं. पेठेत भाड्याने दुकान शोधताना तिच्या वडिलांबरोबर ती चार महिने फिरली होती. अशा मुलींना फार समजावून सांगावं लागत नाही.

"बरं, ठेवा इथं. बघू आपण," मी म्हणाले. शिक्षकाला काही सुचलं नाही की तो 'बघू' म्हणतो.

हे येसर आमच्या कॉलेजात शिरलं कसं, ते सांगायला हवं. मी गृहविज्ञान शिकवते. नायगावात, तासिका तत्त्वावर, गेली अकरा वर्षं. म्हणजे जितके तास तितकं मानधन आणि दर जूनला नव्याने अर्ज. गेल्या वर्षी अभ्यासक्रमात नवा विषय आला, उद्योजकता. तोसुद्धा पुस्तकातून नाही, प्रत्यक्ष कृतीतून आणि एआयच्या मदतीने. कायमस्वरूपी प्राध्यापकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला लातूरला माझी रवानगी झाली.

लातूरला एका गारेगार हॉलमध्ये आम्हाला रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायला लावल्या. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा, पण बोलायचा असा की जणू जन्मापासून कारखानेच चालवतोय. मी आधी नाक मुरडलं. पण खोटं का बोलू, मला ते सगळं आवडलं. मुलांना पाठांतर करायला लावू नका, काहीतरी बनवू द्या, चुकू द्या, लोकांत जाऊन विचारू द्या, मोबाइलमधल्या एआयला नीट प्रश्न विचारायला शिकवा. हे मला पटलं. शेवटच्या दिवशी त्याने फळ्यावर लिहिलं, 'ग्राहकाला जात नसते, गरज असते.' मी ते वहीत उतरवून घेतलं आणि नायगावला येऊन पहिल्याच तासाला वर्गात फळ्यावर लिहिलं. पोरींनीही उतरवून घेतलं.

माझं नाव पंचशीला ढवळे. मी रेणापूरच्या बौद्धवाड्यात वाढले. अकरा वर्षं मी या स्टाफरूममध्ये डबा उघडते आणि अकरा वर्षांत माझ्या डब्यातली भाजी कुणी घेतलेली नाही. कुणाचा उपास असतो, कुणाचं पोट भरलेलं असतं, कुणाला नेमकी तीच भाजी चालत नाही. तोंडावर वाईट कुणी बोललं नाही. माणसं सभ्य आहेत. फळ्यावर ते वाक्य लिहिताना हे सगळं मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. खडू हातात असला की वाटतं, आपण लिहिलं म्हणजे तसं होईल.

तर तिघींचा गट पडला. काय बनवायचं यावर दोन दिवस खल झाला, आणि तिसऱ्या दिवशी बुद्धप्रियाने डब्यातून येसराची आमटी आणली. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे, दगडफूल वेगवेगळं भाजून, दळून केलेलं येसर. आमच्याकडे घरोघर होतं ते, पण या आमटीला जो खमंगपणा होता तो मी तरी कुठे चाखला नव्हता. रेणुकाने वाटी चाटली. "कुणी केलं गं?" "आईनं," बुद्धप्रिया म्हणाली, आणि तिथेच ठरलं.

मोबाइलमधल्या एआयला पोरी 'एआय सर' म्हणायच्या. न विचारता जास्तीचा सल्ला देतो तो सर, असा आमच्या कॉलेजातला अनुभव. या सरांना त्यांनी गटाची माहिती दिली. कोण कुठे राहतं, कुणाला काय येतं. सरांनी घटकाभरात कामं वाटून दिली. भाजणं, दळणं, पुडे भरणं हे बुद्धप्रिया आणि तिच्या आईकडे. फोटो आणि पुड्याची रचना आलियाकडे. पेठेत जाऊन ग्राहकांशी बोलणं रेणुकाकडे. यंत्राने कुणाची जात विचारली नव्हती, तरी वाटणी अगदी गावासारखी झाली. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. मी गप्प बसले, कारण वाटणी सोयीची होती.

मग सर म्हणाले, कृती प्रमाणित करा. आम्ही वजनकाटा घेऊन सिद्धार्थनगरात गेलो. पंचफुलाबाई चुलीसमोर बसल्या होत्या. माप म्हणून त्यांच्याकडे काही नाही, सगळा कारभार मुठीचा. आलियाने त्यांची प्रत्येक मूठ काट्यावर ओतायला लावली.

"आता माझी मूठ मोजून राहिल्या का गं पोरींनो?" त्या हसत म्हणाल्या.

बाजरीच्या दहा मुठी मोजल्या. दहाच्या दहा बेचाळीस-त्रेचाळीस ग्रॅम भरल्या. आलिया तोंडाला हात लावून बघत राहिली. पंचफुलाबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं लक्ष कढईतल्या धन्यांकडे होतं. वास बदलायच्या आत त्यांनी कढई उतरवली.

त्यानंतर रेणुका आमटीच्या वाट्या घेऊन पेठेतल्या पन्नास घरी गेली. चव कशी आहे, केवढ्या पुड्यात हवं, केवढ्याला घ्याल, असे बारा प्रश्न फॉर्मात होते. कुणाच्या हातचं, हा प्रश्न नव्हता. एआय सरांना तो सुचला नाही. मला सुचला, पण मी घातला नाही. पेठेतल्या बायकांनी कापडवाल्यांच्या पोरीच्या हातून वाटी घेतली, बोटं चाटली आणि 'नक्की घेऊ' या चौकटीत खूण केली. पन्नासांतल्या सेहेचाळीस घरांनी. वर्गात टाळ्या पडल्या.

पुड्यावर काय छापायचं, हेही सरांनीच सांगितलं. बनवणाऱ्याचा चेहरा दाखवा, नाव द्या, ग्राहकाला खऱ्या माणसावर विश्वास वाटतो. त्या दिवशी बुद्धप्रियाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "मॅडम, आईचं नाव फकस्त रेशन कार्डावर हाय," ती मला म्हणाली. "आता पुड्यावर येईल. छापून!" तेच हे पुडे, जे आज परत आले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात बुद्धप्रियाने स्वतःच मोबाइल घेतला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत एआय सरांना विचारलं, 'चव सर्वांना आवडली होती. नाव, फोटो आणि पत्ता पाहून पुडे परत केले. काय चुकलं?'

उत्तर लगेच आलं, आणि फार नम्र होतं. आधी तिच्या प्रयत्नांचं कौतुक. मग, तुमच्या भागातल्या ग्राहकांना परिचित, पारंपरिक प्रतिमेवर जास्त विश्वास वाटू शकतो. व्यक्तीच्या नावाऐवजी सर्वांना आपलंसं वाटेल असं नाव घ्या. फोटोऐवजी चित्र वापरा. पत्ता संस्थेचा द्या. खाली पाच नावं सुचवली होती. पहिलं होतं, 'मालतीकाकूंचं घरगुती येसर'.

त्या अख्ख्या उत्तरात जात हा शब्द कुठेही नव्हता. मी ते दोनदा वाचलं. इतकं सभ्य, इतकं स्वच्छ, कुणाला म्हणून बोट ठेवता येऊ नये असं. स्टाफरूममध्ये मी रोज ऐकते तीच ही भाषा. हे यंत्र ती कुठून शिकलं म्हणाल तर आपल्याकडूनच शिकलं, दुसरं कुठून शिकणार?

आलियाने नुसतं करून बघू म्हणून चित्रही करून घेतलं. गोरीपान बाई, नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, जात्यावर बसलेली. हाताला हळदीचा डागसुद्धा नाही.

"कोन हाय ही मालतीकाकू?" रेणुकाने विचारलं.

"कोई नई. मशीन ने बनाया."

"मग बरं हाय की. कुनाला वाईट वाटायचं काम न्हाई."

बुद्धप्रियाने ते चित्र बराच वेळ बघितलं. मग मोबाइल आलियाकडे देत ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी सांगा. आईचं नाव ठेवायचं का काढायचं?"

इतका सरळ प्रश्न मला कुणी अकरा वर्षांत विचारला नव्हता. मी म्हणाले, उद्या सांगते.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. नांदेडला विद्यार्थ्यांच्या उद्योगांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आपल्या कॉलेजातून एक तरी गट गेलाच पाहिजे, असा वरून निरोप होता. प्राचार्य वाईट माणूस नाही. मला कधी उभं ठेवलं नाही, कधी आवाज चढवला नाही.

"तुमचं ते येसर न्या मॅडम. फर्स्ट क्लास आहे म्हणतात. तेवढं नाव बदलून घ्या म्हणजे झालं."

"सर, करणारी बाई खरी आहे. चव तिच्या हातची आहे."

"अहो, चव कुठं कोण काढून घेतंय? नावच बदलायचं आहे. धंद्यात दिशा बदलायची, पिव्होट म्हणतात याला. लातूरला शिकवलं नाही का?"

"शिकवलं, सर. पण मुलींना यातून काय शिकवायचं?"

"हेच, की माल खपला पाहिजे." ते हसले. "आणि तुमचा जूनचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे. काळजी करू नका."

साहेबाने काळजी करू नका म्हटलं की तिथून काळजी सुरू होते. मी घरी गेले, कुकर लावला, मुलाचा अभ्यास घेतला. दुसऱ्या दिवशी बुद्धप्रियाला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सध्या काढू या नाव. नांदेडचं झालं की परत लावू."

"बरं मॅडम," ती म्हणाली. तिने वाद घातला नाही. तिने वाद घातला असता तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मी तिला गप्प बसवलं असतं आणि वर तिच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं असतं.

नवे पुडे छापून आले तेव्हा ते द्यायला मीच सिद्धार्थनगरात गेले. पंचफुलाबाई परत आलेले पुडे फोडून येसर एका डब्यात ओतत होत्या. प्रत्येक पुडा कात्रीने वरच्या कडेला बारीक कापायचा, ओतायचा, झटकायचा आणि रिकामा झाला की हाताने सपाट करून बाजूला ठेवायचा.

"जय भीम, ताई. या, बसा. पोरगी क्लासला गेली."

"जय भीम, मावशी. तुम्ही एकट्याच करताय?"

"व्हतंय की. वरून कापून राहिले, मंजी फोटू तुटत न्हाई." त्यांनी सपाट केलेल्या पुड्यांवर हात फिरवला. "आपलंच तोंड, चुलीत घालाया बरं वाटत न्हाई."

मला बोलणं भाग होतं. येताना रस्त्यात जुळवलेलं वाक्य मी बोलून टाकलं. "मावशी, तो फोटो छपाईत नीट येत नव्हता. म्हणून चित्र टाकलंय."

त्यांनी नवा पुडा हातात घेतला, मालतीकाकूकडे बघितलं आणि खाली ठेवला. "हाव. उन्हात काढलेला," त्या म्हणाल्या. "काळाच आलाय."

एवढं बोलून त्यांनी पुढचा पुडा कापायला घेतला. चहा करते म्हणाल्या, मी नको म्हणाले. नको म्हणाले आणि जिभेला चटका बसला, कारण माझ्याच डब्याला लोक असं नको म्हणतात. मग मी खाली बसले आणि म्हणाले, "करा मावशी, घेते." त्यांनी केला, मी प्याले. त्याने काही भरून निघालं नाही.

तेच येसर, मालतीकाकूंच्या पुड्यात, त्याच पेठेत दोन दिवसांत संपलं. किराणावाल्या काकूंनी पुण्याच्या मुलीसाठी म्हणून दोन जादा नेले. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांचं पित्तही बरं झालं असावं. रेणुका उड्या मारत आली, आणि बुद्धप्रियाला बघून मध्येच थबकली. मला वाटतं, रेणुकाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती बुद्धप्रियाजवळ जाऊन नुसती बसली.

नांदेडच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष करून दाखवण्याला वेगळे गुण होते. म्हणून पंचफुलाबाईंना बरोबर घेतलं. त्या आपली कढई घेऊन आल्या, आणि अंगावर ठेवणीतली निळी साडी. स्टॉलवर मालतीकाकूंचा पुरुषभर उंच फलक. त्याच्या बाजूला, थोडं मागे, छोट्या शेगडीसमोर पंचफुलाबाई बसल्या आणि त्यांनी गहू भाजायला घेतले. त्या वासाने आजूबाजूच्या स्टॉलवरची माणसं आमच्याकडे सरकायला लागली. रेणुका बोलत होती, आलिया मोबाइलवर आलेख दाखवत होती, बुद्धप्रिया वाट्या भरत होती.

दुपारी परीक्षक आले. मोठा कारखाना असलेले, साठीचे, मोकळे गृहस्थ. त्यांच्यामागे आमचे प्राचार्य, हात पाठीशी बांधून. परीक्षकांनी भाकरी कुस्करून आमटी घेतली, परत मागून घेतली, आणि रुमालाने तोंड पुसत थेट पंचफुलाबाईंकडे गेले. "वा! लहानपणानंतर आज खाल्लं असं येसर. मालतीकाकू तुम्हीच का?"

पंचफुलाबाईंचा हात थांबला. रेणुकाने मान खाली घातली. बुद्धप्रियाने माझ्याकडे बघितलं. मग पंचफुलाबाईंनीही माझ्याकडे बघितलं. त्या स्वतः बोलू शकल्या असत्या. तोंडात जीभ होती, स्वतःचं नाव होतं. पण आम्हाला बाधा येऊ नये म्हणून त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं. परीक्षकांच्या खांद्यावरून प्राचार्यांनी भुवया जराशा वर केल्या.

"नाही सर," मी म्हणाले. "त्या मदतनीस आहेत. भाजायला बोलावलंय."

"अस्सं, अस्सं," म्हणून ते पुढे गेले.

कढईतून धूर यायला लागला होता. पंचफुलाबाईंनी उलथणं घातलं, गहू खालीवर केले, आच कमी केली. एक दाणा करपू दिला नाही.

पहिला नंबर आमचाच आला. बुद्धप्रिया म्हणाली, कढई घासायची आहे, आणि स्टेजवर आलीच नाही. फोटोत दोघी मुली, प्राचार्य आणि मी आहोत. मी हसते आहे. तो फोटो कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर लावलाय, त्यामुळे मला तो रोज बघावा लागतो.

प्राचार्य करंडक घेऊन गाडीतून गेले. आम्ही एसटीने निघालो. पंचफुलाबाईंनी मला खिडकीची जागा दिली आणि कढई मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. मुली मागच्या बाकावर होत्या. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा मी म्हणाले, "मावशी, मी तसं म्हणायला नको होतं."

"ऱ्हाऊ द्या ताई. तुमाला बी पोट हाय."

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या थकल्या होत्या. थोड्या वेळाने कढईवर हात ठेवून त्यांचा डोळा लागला. खड्डा आला की डोकं माझ्या खांद्यावर यायचं आणि त्या दचकून सावरून बसायच्या.

नाव परत लावायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी विषयच काढला नाही. कॉलेजने भाजायचं यंत्र आणि घरघंटी घेतली, आणि प्राचार्यांच्या बोलण्यात 'आपल्या मालतीकाकू' यायला लागल्या. एआय सरांकडे कृती होतीच, पंचफुलाबाईंच्या मुठीसकट, ग्रॅममध्ये. आता मदतनीसही लागत नाही. चव तशी राहिली नाही असं रेणुका म्हणते, पण पेठेत कुणाची तक्रार नाही. माल खपतो.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थिनीने 'मी काय शिकले' या विषयावर एक पान लिहून द्यायचं असतं. एआय ते पान तपासून गुण सुचवतं, आणि शिक्षकाने वाचून, 'तपासलं' असं लिहून खाली सही करायची. बत्तीस पानं आली. एकतीस पानं छापील, एकाच साच्यातली. 'या प्रवासाने माझा आत्मविश्वास वाढला.' 'अपयश ही संधी आहे हे मला उमगलं.' मी पानं उलटत भराभर सह्या करत होते. कपाटात माझं जूनचं पत्र येऊन पडलं होतं, आणखी एका वर्षाचं.

बुद्धप्रियाचं पान हाताने लिहिलेलं होतं, वहीतून फाडलेलं. तिने लिहिलं होतं:

'पुड्यावर नाव लावायचं ठरलं तेव्हा आई नको म्हणाली होती. मी तिला म्हणाले, आता तसं राहिलं नाही, मॅडमनी फळ्यावर लिहून दिलंय. मॅडमचं नाव ऐकून ती फोटोला बसली. पुडे परत आले त्या दिवशी ती मला काहीच बोलली नाही. आईला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, ते मी शिकले. मॅडमना माहीत होतं.'

एआयने दहापैकी दोन गुण सुचवले होते. शेरा होता, 'उत्तर अपुरं. आत्मसात केलेल्या कौशल्यांचा उल्लेख नाही. सकारात्मक दृष्टिकोन हवा.'

दोन खोडून मी दहा केले. ते माझ्या हातात होतं आणि फुकट होतं. बाहेर तासाची घंटा झाली, शिपाई गठ्ठा न्यायला येऊन उभा राहिला. शेवटच्या ओळीसमोर मी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.